गोलूच्या पोटातलं वाय-फाय

रंगनायकी मामींनी यंदा गोलूच्या, म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडायच्या, पायऱ्या साताच्या नऊ केल्या, त्याला कारण एकच. पंकजम मामी. समोरच्या घरातल्या या पंकजम मामींनी गेल्या नवरात्रात नऊ पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येक बाईपुढे "आमच्या नऊ झाल्या हो, घरात पाय ठेवायला जागा नाही" असं गाऱ्हाणं गायलं होतं. ते गाऱ्हाणं रंगनायकी मामी वर्षभर विसरल्या नाहीत. पायऱ्या विषमच लागतात, त्यामुळे आठांवर भागण्यासारखंही नव्हतं.

"देवीला सात काय नि नऊ काय, सगळं सारखंच ना अम्मा?" सून वसुमती म्हणाली.

"देवीला असेल गं सारखं. पंकजमला नाही."

मुलगा बद्री पंपांच्या कारखान्यात विक्रीचं काम बघायचा. कोइमतूरच्या माणसाला बसायला साधा पाट हवा असला तरी तो सुताराकडे जात नाही, ओळखीच्या वर्कशॉपमधून लोखंडाचा करून आणतो. बद्रीनेही तेच केलं. जाड पत्र्याच्या नऊ पायऱ्या, आतून लोखंडी अँगल, चार माणसांनी घाम गाळत उचलून आणल्या. "हत्ती चढला तरी वाकणार नाहीत," बद्री म्हणाला. चढणार होत्या मातीच्या बाहुल्या, पण त्याला ते कोण सांगणार!

सात पायऱ्या हॉलमध्ये आरामात मावायच्या. नऊ पायऱ्यांनी अख्खा कोपरा गिळला. त्याच कोपऱ्यात, भिंतीला खाली स्क्रूने बसवलेला, घरचा राउटर होता.

"अम्मा, हा राउटर मागे जातोय."

"जाऊ दे की. देवाच्या पाठीशी राहील. त्याचं काय वाईट व्हायचंय?"

पायऱ्यांच्या पोटात बाहुल्यांची रिकामी खोकी, पेंढा आणि दोन लोखंडी ट्रंका गेल्या. वर पांढरीशुभ्र चादर, दोन्ही बाजूंना मामींच्या जरीच्या साड्यांचे पडदे. सगळ्यांत वर कलश आणि नवराबायकोची लाकडी जोडी, त्याखाली दशावतार, मधे तंजावरची मान डोलावणारी बाई, आणि पार खाली दुकान मांडून बसलेला ढेरपोट्या चेट्टियार. एकदा कलश बसला की यातलं काहीही हलवायचं नाही. दसऱ्याच्या रात्री लाकडी जोडीतली एक बाहुली आडवी झोपवायची, मगच गोलू संपतो. तोवर बाहुल्यांत झुरळ शिरलं तरी त्याला तोंडाने समजवायचं, हात लावायचा नाही, असा त्या घरातला कायदा होता.

कलश बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी वसुमतीने मागच्या खोलीत वीणा घेतली आणि चेन्नैच्या बहिणीला व्हिडिओवर फोन लावला. नुसती गप्पांची हौस नव्हती ती. लग्नाआधी वसू मैफली करायची. मग सासऱ्यांचं दुखणं आलं, ते लांबलं, ते गेले, आणि वीणा गवसणीत गेली ती गेलीच. यंदा तिने गवसणी काढली होती. सिंगापूरच्या एका संगीतशाळेला घरबसल्या शिकवणारी वीणेची शिक्षिका हवी होती. दसऱ्याच्या सकाळी, विद्येला सुरुवात करायच्या दिवशीच, तिथल्या प्रमुख अभिरामी मॅडम स्वतः तिचा एक पाठ बघणार होत्या. "अहो, मला बाकी काही नको," ती बद्रीला म्हणाली होती. "हे एवढं मिळू दे. मला परत कुणाला तरी शिकवायचंय." बद्री त्या दिवसापासून तिच्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

तर बहिणीने दोन मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "वसू, तू वीणा वाजवतेयस की भांडी घासतेयस?"

"का गं?"

"एक सूर येतो, मग गप्प, मग चार सूर एकदम धाडकन! ते वेगवालं वाय-फाय लाव ना."

त्या घरात वाय-फायची दोन नावं दिसायची, 'रंगनायकी' आणि 'रंगनायकी ५'. साधं होतं ते कूर्मगतीचं, शिवाय गल्लीतली सगळी घरं त्याच वाटेने गर्दी करायची. पाचवालं मोकळं आणि सुसाट. वसूने लॅपटॉपवर यादी उघडली. 'रंगनायकी' होतं. 'पंकजम होम' होतं. कोपऱ्यावरच्या शिंप्याचंसुद्धा होतं. 'रंगनायकी ५' नव्हतं.

"नाही म्हणजे काय? असेल तिथंच," बद्री म्हणाला. त्याने आपला फोन काढला. त्यातही नव्हतं. मामींचा टॅब आणला, त्यात नव्हतं. टीव्हीत नव्हतं. "हां, आलं लक्षात," तो म्हणाला. विक्री विभागातल्या माणसाला काही लक्षात आलं नाही तरी असं म्हणायची सवय असते.

मग बद्री राउटरच्या सेटिंगमध्ये शिरला. पाचवालं चालूच दाखवत होतं. तरी त्याने ते बंद करून चालू केलं. चॅनेल बदललं. नाव बदलून 'बद्री ५' केलं, कदाचित आईचं नाव घ्यायला यंत्रं बिचकत असतील म्हणून. मग दोन्ही नावं एक केली, तर सगळे फोन गुपचूप हळूवाल्याला चिकटून बसले. मग परत पहिल्यासारखी वेगळी केली, सोबत पासवर्डही बदलला, आणि बदललेला पासवर्ड त्याला स्वतःलाच आठवेना. सकाळी मामी टॅब मांडीवर घेऊन रोजचं प्रवचन ऐकायला बसल्या, तर पडद्यावर नुसतं चक्र फिरत होतं.

"बद्री! माझे प्रवचनवाले शास्त्रीगल कुठे गेले?"

"अम्मा, थोडा वेळ दे. पाचवालं शोधतोय."

"तुझ्या पाचवाल्याच्या नादात माझं होतं तेही गेलं! काल रामाने धनुष्य उचललं होतं रे, मोडलं की नाही तेसुद्धा कळायचं नाही का मला?"

पासवर्ड शेवटी सापडला, पण पाचवालं काही सापडलं नाही. बद्रीने कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकून हॉलमध्ये येरझाऱ्या घालू लागला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"सर, सगळ्याच डिव्हाइसमध्ये दिसत नाही का?"

"एकातही नाही."

"पाचवाल्याचा सिग्नल लांब जात नाही सर. लोखंड मधे आलं तर मग नाहीच. राउटर आणि तुमच्यामध्ये काही अडथळा आहे का?"

बद्री येरझाऱ्या घालता घालता थांबला. त्याने गोलूकडे बघितलं. नऊ पायऱ्या बघितल्या. जाड पत्रा बघितला.

"आहे," तो हळूच म्हणाला.

"तो तेवढा बाजूला करा सर."

स्वयंपाकघरातून मामी सुंडलाचा, प्रसादाच्या उसळीचा, झारा हातात घेऊनच बाहेर आल्या. "अडथळा? दशावतारांना अडथळा म्हणते ती? विचार तिला, हिरण्यकशिपूच्या नात्यातली आहे का!"

"सर, कोण बोलतंय?"

"कोणी नाही. ठेवतो."

त्यानंतर घरात जे झालं त्याला चर्चा म्हणता येणार नाही. कलश बसलेला गोलू हलवायचा नाही, यावर मामी ठाम. वसू नुसती वीणेवरची धूळ पुसत बसली. ते बद्रीला जास्त लागलं.

"फोनवरचं इंटरनेट घेऊ," तो म्हणाला.

"त्याची रेंज या घरात न्हाणीघरातच येते," वसू म्हणाली. "मी काय बादलीवर बसून शिकवू?"

"मग पंकजम मामींकडे जाऊन..."

"काय?" मामी कडाडल्या. "तिच्या घरून? त्यापेक्षा सिंगापूरला चालत जा!"

याला कारण होतं. हळदीकुंकवाला आलेल्या यच्चयावत बायकांना मामींनी आधीच सांगून टाकलं होतं, की आमची वसू सिंगापूरला शिकवणार, अहो, त्या लोकांनी पाय धरले, तेव्हा कुठे आम्ही हो म्हटलं. पंकजम मामींना तर दोनदा सांगितलं होतं. आता नोकरी हुकली असती तर मामींना समोरच्या दारातून बाहेर पडायची सोय उरली नसती.

संध्याकाळी बद्रीने बनियनवर टॉवेल गुंडाळला, डावीकडची साडी वर केली आणि सरपटत गोलूच्या पोटात शिरला. राउटर स्क्रूतून सोडवून बाहेर आणायचा असा बेत होता. दोन ट्रंकांमधून तो कंबरेपर्यंत गेला आणि तिथे अडकला. सुपारीएवढ्या पोटाचा माणूस गेला असता. बद्रीचं पोट चेट्टियारच्या वळणाचं होतं. हात पुढे केला तरी राउटर वीतभर लांब राहायचा. पण फोनवर बघतो तर काय, 'रंगनायकी ५' पूर्ण भरलेलं, लख्ख!

तो ओरडणार तेवढ्यात दारात बांगड्या वाजल्या.

"या या," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी चपळाईने साडी खाली सोडली. पंकजम मामी आल्या होत्या. त्यांनी नऊ पायऱ्या मोजल्या, एकदा वरून खाली आणि एकदा खालून वर, आणि मोठ्या कष्टाने म्हणाल्या, "छान झालाय."

"बस गं. देवीपुढे एक गाणं म्हण."

ही मामींची चूक झाली. बोलायची रीत म्हणून त्या बोलून गेल्या, पण पंकजम मामी एकदा गायला बसल्या की सगळी कडवी झाल्याशिवाय उठत नसत. आत बद्रीच्या नाकाशी पेंढा होता. त्याने दुसऱ्या कडव्यापर्यंत दम धरला. मग जी शिंक आली ती पत्र्यात अशी घुमली, की वरून खालपर्यंत सगळे अवतार थरथरले आणि तंजावरची बाई जोरजोरात मान डोलावू लागली.

पंकजम मामींचे डोळे भरून आले. "बघितलंस? देवीला आवडलं!" त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्यापासून गायला लागल्या.

त्या गेल्यावर वसूने पाय धरून नवऱ्याला बाहेर ओढलं. अंगभर पेंढा, नाक लालबुंद. "आत आहे," तो धापा टाकत म्हणाला. "पाचवालं आत आहे सगळं. बाहेर येत नाहीये."

वसू मटकन खाली बसली. "म्हणजे झालंच," ती म्हणाली आणि तिला रडू आवरेना.

मामींनी सुनेकडे बघितलं. मग गोलूकडे बघितलं. "हे बघ," त्या सावकाश म्हणाल्या, "काढायचं नाही, हलवायचं नाही. पण नवीन ठेवायला कुणाची बंदी आहे? दर वर्षी एक तरी नवीन बाहुली ठेवावीच लागते. ते बाहेर येत नसेल तर तुमचं ते पुस्तकासारखं उघडणारं यंत्र आत ठेवा."

बद्री उठलाच. लगेच करून बघितलं. बाजूची साडी थोडी वर धरून लॅपटॉप दोन ट्रंकांच्या मधे सरकवला, तोंड बाहेर. पाचवालं हजर! समोर वसू वीणा घेऊन बसली की ती बरोबर चौकटीत येत होती. बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, "आता कसं! बोटाखालची तारसुद्धा ऐकू येतेय."

घरात तीनेक दिवस आनंदीआनंद होता. मग आली सरस्वतीपूजा. त्या दिवशी वह्या, पुस्तकं, वाद्यं, हत्यारं सगळी गोलूपुढे ठेवून पुजायची आणि दसऱ्याच्या सकाळच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. मामींनी वीणेला गंध-कुंकू लावलं, लॅपटॉप उघडून त्याला लावलं, बद्रीच्या स्कूटरच्या चावीलाही लावलं. मोठ्या भक्तीने लावलं. दसऱ्याला सकाळी पूजा झाल्यावर लॅपटॉप उघडला, तर पडद्यावर वसू कुठे दिसेचना. सगळं लालेलाल. मामींनी कुंकवाचं बोट नेमकं कॅमेऱ्याच्या डोळ्यावर टेकवलं होतं.

"अम्मा, इथे का लावलंत?"

"डोळा दिसला, त्याच्या वर कपाळ धरून लावलं. खाली घसरलं का?"

पुसून, फुंकून, परत पुसून कसंबसं साफ झालं आणि दहाच्या ठोक्याला अभिरामी मॅडम पडद्यावर आल्या. केस पांढरे, चष्मा जाड, हसण्याची सवय नसावी असा चेहरा. त्यांच्या शेजारी छोटी वीणा घेऊन एक मुलगी बसली होती.

वसूची बोटं सुरुवातीला थंडगार पडली होती. पण त्या मुलीने पहिली सरगम वाजवली, ती अर्ध्यावर चुकली आणि जीभ चावली, तशी वसू हसली. "घाबरू नकोस गं, मीपण अशीच चुकायचे," ती म्हणाली, आणि त्यानंतर परीक्षा बिरीक्षा सगळं विसरून शिकवत सुटली. बद्री दाराआड उभा राहून ऐकत होता. इतक्या वर्षांत आपली बायको इतकी आनंदात दिसली नव्हती, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मधेच पंकजम मामी दोन बायकांना घेऊन हळदीकुंकवाला आल्या. मामींनी तोंडावर बोट ठेवून त्यांना सतरंजीवर बसवलं. पंकजम मामींना गप्प बसताना त्या गल्लीने पहिल्यांदाच बघितलं.

पाठ संपत आला. अभिरामी मॅडमनी चष्मा वर केला. "वसुमती, तुमच्या बाजूला ती जर चमकतेय... गोलू आहे का हो? जरा दाखवता?"

वसू काही बोलायच्या आत बद्री धावला. उत्साहाच्या भरात त्याने लॅपटॉप बाहेर ओढला आणि गोलूसमोर धरला. पडद्यावर अभिरामी मॅडम तोंड उघडं ठेवून थिजल्या. मग पडदा काळा झाला.

"अहो, काय केलंत हे!" वसू किंचाळली.

बद्रीने लॅपटॉप परत आत कोंबला. चक्र फिरत राहिलं. मॅडम काही येईनात. "राउटर अडकला असणार," तो रडवेला होऊन म्हणाला. "बंद करून चालू करायला हवा. पण हात पोचत नाही!"

वसूने वीणा खाली ठेवली. पदराने डोळे पुसले फक्त.

रंगनायकी मामी उठल्या. स्टुलावर चढल्या, सगळ्यांत वरच्या पायरीवरची लाकडी नवरी उचलली आणि आडवी झोपवली.

"रंगनायकी!" पंकजम मामी ओरडल्या. "अगं, सकाळ आहे! बाहुली रात्री झोपवायची!"

"आमच्या घरात रात्र झाली," मामी म्हणाल्या. "वसूने वर्षानुवर्षं वीणा गवसणीत ठेवली, माझ्या नवऱ्याचं करता करता. तेव्हा मी तिला एका शब्दाने विचारलं नाही. आज देव जरा लवकर झोपले तर काही बिघडत नाही. बघत काय बसलात? उचला!"

मग जी धांदल उडाली! मामी वरून बाहुल्या देत होत्या, खाली बायका पदरात झेलत होत्या. पंकजम मामींच्या एका काखेत वराह आणि दुसऱ्या काखेत नरसिंह. हत्ती चढला तरी न वाकणाऱ्या पायऱ्या बद्रीने एकट्याने, देवाचं नाव घेत, भिंतीपासून हातभर ओढल्या. राउटर मोकळा झाला. त्याने तो बंद करून चालू केला, आणि घरातले सगळे फोन एकापाठोपाठ एक किणकिणले.

लॅपटॉपवर अभिरामी मॅडम परत आल्या. चेहरा ओशाळलेला.

"माफ करा हं वसुमती. तुमचं काही नव्हतं, आमचंच इंटरनेट गेलं."

हॉलमध्ये सगळ्यांच्या हातात बाहुल्या होत्या. मामींच्या कडेवर कलश होता.

"काय झालंय कळत नाही बघा," मॅडम म्हणाल्या. "नवरात्र सुरू झाल्यापासून घरात ते वेगवालं वाय-फाय दिसतच नाही. एकाही फोनमध्ये नाही. कंपनीची माणसं दोनदा येऊन गेली."

मामी वसूच्या खांद्यावरून पुढे वाकल्या. "मॅडम, तुमच्याकडे गोलू आहे?"

"आहे ना. यंदा यजमानांनी मुद्दाम पत्र्याच्या पायऱ्या करून घेतल्या."

"यजमान कोइमतूरचे का?"

"हो! कसं ओळखलंत?"

"आणि राउटर पायऱ्यांच्या मागे."

मॅडमनी चष्मा काढला. मागे वळून बघितलं. परत चष्मा घातला. "अरे देवा," त्या म्हणाल्या. "पण मामी, आता रात्रीपर्यंत हलवता येत नाही ना?"

"तुमच्याकडे घड्याळ आमच्यापुढे की मागे?"

"पुढे."

"मग झालं तर! आमच्याकडे रात्र होऊन देव झोपलेसुद्धा. तुमची तर आमच्याआधीच व्हायला हवी होती. कुठे आहे ती नवरी? झोपवा तिला. आणि पायऱ्या डावीकडून ओढा म्हणावं यजमानांना, खाली वायर असेल."

पडद्यावरून मॅडम गायब झाल्या. भांडी पडल्याचा आवाज आला, एक पुरुष विव्हळला, ती छोटी मुलगी खुदखुदून हसली. थोड्या वेळाने मॅडम परत बसल्या तेव्हा चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांच्या मांडीवरच्या मत्स्यावताराचे खवले मोजता आले असते. आणि त्या हसत होत्या.

"वसुमती, सोमवारपासून शिकवायला लागा, नोकरी तुमची," त्या म्हणाल्या. "फक्त आता जरा बाजूला सरका, मला मामींशी बोलायचंय."

वसूने डोळे पुसले, वीणा उचलली आणि सासूला जागा करून दिली.